तुम्ही विचारलंत म्हणून: चित्र इतके खाली का?

मी पुण्यात लोकांच्या घरी भिंतींवर चित्रे काढते आणि त्यांतली बरीचशी लहान बाळांच्या खोल्यांमध्ये असतात. केलेल्या कामाचे फोटो पाहिल्यावर जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: चित्र जमिनीला इतके टेकून का, आणि वरची एवढी मोठी भिंत कोरी का सोडली? काहींना त्यात माझा कामचुकारपणा दिसतो. मी चौरस फुटावर पैसे घेते, त्यामुळे कोऱ्या भिंतीत तोटा माझाच असतो, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

ही सवय मला माझ्या भाचीने लावली. बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली असताना तिच्या रिकाम्या घरात जाऊन मी बाळाच्या खोलीत फुललेला पांगारा रंगवला होता. बुंधा कपाटामागून निघून फांद्या पार छतापर्यंत गेल्या होत्या आणि लालभडक फुलांवर साळुंक्यांची झुंबड उडाली होती. खाली, स्कर्टिंगच्या थोडे वर, प्लॅस्टरला एक नागमोडी भेग होती. लांबी (पुट्टी) भरून, पॉलिश पेपर मारून, रंगाचे दोन हात दिल्यावरही ती पुन्हा डोके वर काढू लागली, तेव्हा शेवटच्या दिवशी वैतागून मी तिच्यावर काळ्या मुंग्यांची एक रांग काढली आणि सामान आवरले.

जन्मल्यानंतरचे काही आठवडे बाळाला वीस-तीस सेंटिमीटरपर्यंतचेच काय ते बरे दिसते, म्हणजे दूध पाजणारीचा चेहरा आणि फार तर तिच्या मागचा उजेड. भाची चार महिन्यांची होऊन त्या खोलीत आली, तेव्हा तिला फिरणारा पंखा आवडला. बहीण तिला कडेवर घेऊन साळुंक्या दाखवी आणि ती आईचे मंगळसूत्र तोंडात घाली. नवव्या महिन्यात मात्र ती रांगत थेट त्या भेगेपाशी गेली, पालथी पडून बराच वेळ बघत राहिली आणि मग अंगठा व तर्जनीची चिमूट करून तिने एक मुंगी उचलली. चिमूट डोळ्यांसमोर आणून पाहिली तर ती रिकामी होती. तेव्हा तिने पुढची मुंगी उचलून पाहिली. दहा-बारा मुंग्यांनंतर ती रडली नाही, कंटाळलीही नाही, आम्हीच तिला जेवायला उचलून नेले. पांगाऱ्यावर माझे पंधरा दिवस गेले होते आणि मुंग्यांवर फार तर अर्धा तास.

रांगणाऱ्या मुलाचे डोळे जमिनीपासून जेमतेम फूटभर उंचीवर असतात आणि वर्षाचे मूल उभे राहिले तरी अडीच फुटांच्या आसपास भरते. मोठ्यांच्या नजरेच्या उंचीवर काढलेले चित्र हे मोठ्यांसाठीच असते, आणि त्यात गैर काही नाही. आपल्याकडे श्रावणात पुजला जाणारा जिवतीचा कागदही मुलांसाठीच असतो. त्यावर नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, मुलांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका आणि बुध-बृहस्पती असतात, पण तो आईच्या पूजेसाठी असतो, मुलाने पाहत बसावे म्हणून नव्हे. मला विचाराल तर कोणासाठी काढायचे हे एकदा ठरवावे, म्हणजे उंची आपोआप ठरते.

खाली काढायचे तर भिंतीची परीक्षा अधिक कडक घ्यावी लागते. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला ओल नेमकी खालीच येते. म्हणून मी प्लास्टिकच्या कागदाचा एक तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून एक दिवस भिंतीवर ठेवते, आणि काढताना त्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर काम नाकारते, कारण अशा भिंतीवर कितीही भारी रंग लावला तरी सहा महिन्यांत पापुद्रे सुटतात आणि पापुद्रे मूल खाते. जुन्या इमारतीतला रंग मी कोरडा घासू देत नाही, त्यात शिसे असण्याची शक्यता असते. घरगुती रंगांत दहा लाख भागांमागे ९० भागांहून अधिक शिसे नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, आणि भिंतीवरचे थर त्याआधीचे असतात. पोस्टर कलर स्वस्त पडतात, पण ओल्या फडक्याने पुसताच ओघळतात आणि ही भिंत तर रोज पुसावी लागणार, म्हणून पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक रंग आणि वरून पाण्यातलेच मॅट व्हार्निश एवढेच मी वापरते. रंग तासा-दोन तासांत हाताला लागेनासा होत असला तरी पुरता घट्ट व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. बाळ यायच्या आधी घरात तयारी नको, असे म्हणणाऱ्या आजी-सासूबाईंशी मी म्हणूनच वाद घालत नाही; बाळंतीण माहेरी असताना, खिडक्या सताड उघड्या ठेवून काम करायला मला पुरेसे दिवस मिळतात. भर पावसाळ्यात मात्र नको.

भाची आता चौथीत आहे. गेल्या दिवाळीत तिला अभ्यासाचे टेबल हवे होते, म्हणून पांगारा साळुंक्यांसकट पांढऱ्या रंगाखाली गेला आणि त्याचे कोणालाही वाईट वाटले नाही, मलासुद्धा फारसे नाही. मुंग्यांना मात्र तिने हात लावू दिला नाही. मी त्या घाईत काढल्या होत्या आणि प्रत्येकीला चारच पाय दिले होते, हे विज्ञानाचे पुस्तक वाचल्यावर तिच्या लक्षात आले. तेव्हापासून ती पेन्सिलीने उरलेले दोन-दोन पाय काढते आहे. कपाटापर्यंतच्या मुंग्या पुऱ्या झाल्या आहेत, कपाटामागच्या अजून चार पायांवरच चालतात.