राजहंसांची ‘जोडी’ घेण्याआधी

विक्रेता ‘जोडी’ म्हणून देतो ते दोन राजहंस बऱ्याचदा दोन्ही माद्या निघतात. माद्याही एकमेकींशी जोडी जमवतात, अंडी घालतात, महिनाभर नेटाने उबवतात. अंडी अर्थातच नासतात. दोघांची जवळीक पाहून नर-मादी ठरवू नका. एकाने दुसऱ्यावर चढणं हीसुद्धा खात्रीची खूण नाही.

बदकाचा अनुभव इथे कामाचा नाही. नर बदकाच्या शेपटीवर वळलेली पिसं असतात, राजहंसाच्या नसतात. आवाजाचं तर उलटंच: बदकात मादी खणखणीत आणि नर घोगरा, राजहंसात नराचा आवाज वरच्या पट्टीतला, चिरका, आणि मादीचा खालचा, भरड. कळपाच्या गोंगाटात हे कळत नाही, एकेकाला वेगळं करून ऐकावं लागतं.

आपल्याकडे दिसणाऱ्या राजहंसांत चोचीच्या मुळाशी गाठ असलेली चिनी जात बरीच आहे. नराची गाठ लवकर दिसू लागते आणि मोठी होते, मानही जाड व लांब. पण तुलना एकाच वयाच्या पक्ष्यांत करा, नाहीतर दोन वर्षांची मादी सहा महिन्यांच्या नरापुढे नर वाटेल. पिल्लांच्या रंगावरून लिंग सांगता येतं ते पिलग्रिमसारख्या मोजक्याच जातींत.

खात्री हवी तर शेपटीखालचं द्वार तपासायचं. पक्षी मानेच्या वरच्या भागाला धरून पकडा, लगेच पंख अंगाशी दाबून उचला. पाय धरून लटकवू नका, सांधे दुखावतात. पाठीवर, शेपटी तुमच्यापासून लांब राहील असा मांडीवर ठेवा. नखं कापलेल्या बोटाला व्हॅसलिन लावून सुमारे अर्धा इंच आत घाला आणि अर्धा-एक मिनिट हलकेच गोल फिरवा. घट्ट स्नायू सैल पडला की बोट काढून द्वाराच्या खालून आणि बाजूंनी दाबा. नराचं पिळदार लिंग बाहेर येतं, मादीत नुसता गुलाबी उंचवटा दिसतो.

घोटाळा होतो तो घाईने. स्नायू सैल होण्याआधी दाबलं तर नराचं काहीच बाहेर येत नाही आणि तो मादी ठरतो. लहान नरात तर ते इतकं बारीक असतं की सहज नजरेतून सुटतं. म्हणून दिसलं तर नर नक्की, पण न दिसल्यास मादी म्हणून मोकळं होऊ नका, काही दिवसांनी पुन्हा बघा. एक-दोन दिवसांच्या पिल्लांचीही तपासणी होते, मात्र जाणकार शेजारी नसेल तर त्यांच्यावर शिकायला जाऊ नका, जोर जास्त झाला की कायमची इजा होते. महागडा पक्षी असेल तर ताज्या उपटलेल्या पिसांवरून डीएनए तपासणी करून घ्यावी.

ठरलं की लगेच पायात कडं घाला: नराच्या उजव्या, मादीच्या डाव्या. वाढत्या पिल्लाचं कडं दर आठवड्याला बघून सैल करा, नाहीतर ते मांसात रुततं. चिनी जातीत एका नरामागे चार-पाच माद्या पुरतात.