सही देणारे दहा जण

मत मागायला गेलं की माणूस "देऊ की ओ" म्हणतो आणि चहा टाकतो. सही मागितली की तोच माणूस चष्मा शोधायला आत जातो, तो येतच नाही. 2023 च्या कर्नाटक विधानसभेला मी बेळगावकडच्या खानापुरातून अपक्ष उभी राहिले, तेव्हा मला पहिल्यांदा हे कळलं.

मी ब्लाउज शिवते. आमच्या जंगलाकडच्या वाड्यांवर पावसाळ्यात आजारी माणसाला अजून खाटेवरून रस्त्यापर्यंत आणतात. हे दर निवडणुकीला सांगून कंटाळा आला होता. एवढंच कारण.

उमेदवाराचं नाव सुचवून अर्जावर सही करणारा तो सूचक. मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. दहाही त्याच मतदारसंघातले मतदार हवेत, अर्जात मतदार यादीतला त्यांचा भाग आणि अनुक्रमांक बिनचूक हवा. वर ती नावं कचेरीच्या फलकावर लागतात. "वैनी, सही करतो, पण नाव भायेर दिसतंय म्हणं?" असं तिघांनी विचारलं. दोघांनी मग नकोच म्हटलं.

बेळगावला एक म्हातारे काका आहेत, ते हे ऐकून हसले. 1996 च्या लोकसभेला सीमाप्रश्नाकडे देशाचं लक्ष जावं म्हणून बेळगावात साडेचारशेहून जास्त उमेदवार उभे होते, त्यांत काकाही होते. तेव्हा डिपॉझिट पाचशे रुपये आणि सूचक एक. असे उमेदवारांचे ढीग इतरत्रही लागले आणि त्याच वर्षी कायदा बदलला. अपक्षाला दहा सूचक आले, डिपॉझिटही वाढलं. विधानसभेला आता ते दहा हजार आहे, अनुसूचित जाती-जमातींना निम्मं. "तुझ्या दहा सह्यांत आमचा हात हाय बग," काका म्हणाले. त्यांची सही मात्र घेता येईना, ते खानापूरचे मतदार नव्हते.

अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रानं घरात खरी धमाल उडवली. नवऱ्याची, माझी आणि आमच्यावर अवलंबून असलेल्यांची सगळी मालमत्ता लिहायची. सोनाराकडे मंगळसूत्र तोलून आणलं. सासूबाईंच्या पाटल्या कधी कुणी बघितल्या नव्हत्या, त्या डब्यातून निघाल्या. "आता सगळ्या तालुक्याला कळतंय माझ्याकडं काय हाय ते," म्हणून त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. एकही रकाना मोकळा सोडायचा नाही, काही नसलं तरी 'निरंक' लिहायचं. कागद कानडीत. मी मराठी शाळेतली, अक्षरं लागतात पण कचेरीतली कानडी डोक्यावरून जाते. कानडी शाळेत जाणारी माझी पोरगी रात्री अकरापर्यंत वाचून दाखवत होती. फोटो तीन महिन्यांच्या आतला, आणि खर्चासाठी बँकेत वेगळं खातं, तेही अर्ज भरायच्या आदल्या दिवसापर्यंत उघडलेलं.

अर्ज भरायची मुदत 13 ते 20 एप्रिल, वेळ अकरा ते तीन. मी 19 तारखेला गेले. अर्ज घेणाऱ्यांनी याद्या चाळल्या आणि एका नावावर बोट ठेवलं. माझी एक सूचक लग्नापूर्वी आमच्याच गावची, पण तिचं नाव आता बेळगाव ग्रामीणच्या यादीत गेलेलं. ते तिलाही माहीत नव्हतं. उमेदवाराला चार अर्जांपर्यंत भरता येतात आणि डिपॉझिट एकदाच लागतं, हे तिथंच एका वकिलानं सांगितलं म्हणून बरं. त्या रात्री पुन्हा दारोदार. दहावी सही सकाळी साडेनऊला मिळाली, म्हशीची धार काढत असलेल्या एका बाईची. अंगठा नव्हे, चांगली मराठीत सही. दुपारी दोनला दुसरा अर्ज आत गेला, शपथ घेतली आणि बाहेर येऊन रसवंतीत बसले.

छाननीत अर्ज टिकला. चिन्हासाठी मी पहिली पसंती शिलाई मशीनला दिली होती. आणखी एकानं तेच मागितलं, चिठ्ठी त्याची निघाली. मला गॅस सिलिंडर. तेव्हा सिलिंडर अकराशेच्या घरात होता. कुठल्याही स्वयंपाकघरात शिरायचा अवकाश, बायका म्हणायच्या, "बाई, हा एक तरी स्वस्त हाय." त्या निशाणीनं माझं निम्मं भाषण वाचवलं.

प्रचाराचं फार सांगण्यासारखं नाही. दिराचा टेम्पो होता. फुकट दिला तरी त्याचं भाडं धरून खर्चात लिहावं लागतं, हे उशिरा कळलं. खर्चाची मर्यादा 40 लाख. तो आकडा वाचून नवरा हसला आणि खोकला लागेपर्यंत हसला. सगळ्या बूथवर एजंट बसवणं मला जमलं नाही. 10 मेला मतदान झालं, 13 ला निकाल. डिपॉझिट गेलं. ते वाचायला वैध मतांच्या सहाव्या हिश्श्याहून जास्त मतं लागतात, मी त्याच्या जवळपासही नव्हते.

नंतर बूथवार आकडे हाती आले. माझ्या चार सूचकांचं मत ज्या बूथवर आहे, तिथं मला तीन मतं. कोण ते मी विचारलं नाही. चौघंही अजून ब्लाउज माझ्याकडंच टाकतात.

खर्चाचा हिशेब निकालापासून तीस दिवसांत द्यायचा होता, नाही दिला तर तीन वर्षं उभं राहता येत नाही. हिशेबाच्या वहीत पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. पिवळ्या पानांवर माझ्या चार ओळी भरल्या. पोरगीनं बेरीज तपासली आणि उरलेली कोरी पानं चित्रं काढायला मागितली. मी दिली नाहीत, वही जमा करायची होती.