नाकापेक्षा मोती जड: मी आणि माझं ४४ मॅग्नम

आधी कबुली देऊन टाकतो. ४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर घेतलं तेव्हा आपला हात बऱ्यापैकी बसलाय असा माझा समज होता, कारण कमी ताकदीच्या ३८ स्पेशलने माझे शॉट्स तळहाताएवढ्या जागेत पडायचे. मग पहिल्याच दिवशी रेंजवर सहाच्या सहा काडतुसं भरली, ऐटीत उभा राहिलो, सहा बार काढले आणि टार्गेटवर भोकं किती तर दोन, तीही पार खालच्या कडेला. बाकीच्या चार कुठे गेल्या ते मागच्या मातीच्या बांधालाच ठाऊक. त्यात असला आवाज झाला की लोक आपापलं सोडून बघायला येतातच, त्यामुळे प्रेक्षकही होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

माझं म्हणणं असं की हे उसळतंच एवढं, नेम राहणार कसा? रेंजवरचे सर म्हणाले, "अरे उसळल्यामुळे चुकल्या असत्या तर वर गेल्या असत्या ना, तुझ्या खाली का जातायत?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे पाठ करून सिलिंडरमध्ये (काडतुसं भरायचा तो फिरता गोल भाग) काही भरलेली काडतुसं आणि काही रिकाम्या पुंगळ्या अशी सरमिसळ केली, सिलिंडर बंद केला, आणि नळी टार्गेटकडे ठेवून रिव्हॉल्व्हर माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. पहिला बार झाला. दुसऱ्यांदा चाप ओढला तर नुसतं टक्, आणि नळीचं तोंड मात्र असं काही गचकन खाली गेलं की मलाच बघवेना. "बघ, बार झालाच नाही तरी तू धक्का खाऊन मोकळा."

म्हणजे मी वर्षभर ज्याला रिकॉईलचा, म्हणजे बार झाल्यावर मागे बसणाऱ्या धक्क्याचा, प्रॉब्लेम म्हणत फिरलो असतो तो रिकॉईलचा नव्हताच. सहा इंची नळीतून गोळी बाहेर पडायला एक मिलिसेकंदसुद्धा लागत नाही, धक्का आपल्याला कळेपर्यंत ती केव्हाच गेलेली असते, घोळ व्हायचा तो त्याच्या आधीच, आपलं मनगट आवाजाला घाबरून आधीच पुढे ढकलतं म्हणून. तसं गोळी नळीत असतानाच नळी थोडी वर चढायला लागते हे खरंय, पण त्याचा हिशोब बनवणाऱ्याने आधीच धरलेला असतो. रिव्हॉल्व्हर बाजूने बघा, पुढची माशी (नेम धरायचा नळीच्या टोकावरचा उंचवटा) किती उंच असते ते, कारण नळी खरं तर आपल्या नजरेच्या रेषेच्या किंचित खाली रोखलेली असते. म्हणूनच जड आणि हळू जाणारी गोळी त्याच नेमावर हलक्या वेगवान गोळीपेक्षा वर लागते, नळीत जास्त वेळ असते ना. मला हे इतकं आवडलं की दोन आठवडे भेटेल त्याला सांगत सुटलो होतो, घरच्यांना तर पाठ झालं.

उपाय मात्र अगदीच बोरिंग निघाला. ४४ स्पेशल. तितक्याच जाडीचं, पण कमी ताकदीचं काडतूस. मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये स्पेशल काडतूस आरामात चालतं, उलटं चालत नाही, आणि त्यामागे जरा मजेदार गोष्ट आहे. एल्मर कीथ नावाचा अमेरिकन गडी वर्षानुवर्षं ४४ स्पेशलच्या केसमध्ये (म्हणजे पुंगळीत) ठासून दारू भरायचा (बंदुकीची दारू, कान टवकारू नका) आणि कंपन्यांच्या मागे लागायचा की असं काडतूस तुम्हीच काढा, तेव्हा १९५५ साली स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टनने मिळून मॅग्नम काढलं, पण केस मुद्दाम ३ मिमीने लांब ठेवली म्हणजे जुन्या नाजूक रिव्हॉल्व्हरमध्ये ते घुसूच नये. आणि हो, ४४ म्हणतात पण गोळी प्रत्यक्षात पॉइंट ४२९ इंचाचीच, या नावांवर फार विश्वास ठेवू नका.

तर स्पेशल. सव्वा किलोच्या वर वजनाच्या स्टीलमधून स्पेशल मारलं की नुसता हलका ढकलल्यासारखा धक्का येतो, मनगट शांत राहतं, चाप सावकाश ओढता येतो. शंभर स्पेशल मारायची आणि शेवटी सहा मॅग्नम, हा माझा शिरस्ता अजून चालू आहे. पण त्याचा एक त्रास कोणी सांगत नाही तो सांगतो. छोट्या केसच्या तोंडापुढे चेंबरमध्ये (सिलिंडरमधलं काडतुसाचं भोक) काजळीचं आणि शिशाचं कडं जमतं, मग शेवटची मॅग्नम भरायला गेलं की ती पूर्ण आत जातच नाही आणि आपण अंगठ्याने दाबत बसतो. दाबू नका. ब्रश घ्या, चेंबर घासा.

दुसरा त्रास न जळलेल्या दारूच्या कणांचा. पुंगळ्या काढताना नळी खाली धरली की ते कण एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीखाली जाऊन बसतात, मग सिलिंडर बंद होत नाही नाहीतर चाप दगडासारखा जड होतो, आणि आपल्याला वाटतं एवढं महागडं यंत्र मोडलं. माझं तसं झालं तेव्हा मी दोन दिवस झोपलो नव्हतो, शेवटी जुन्या टूथब्रशने काम झालं. नळी आभाळाकडे, एक्स्ट्रॅक्टर रॉडवर एकच जोरात फटका, कण पुंगळ्यांबरोबर बाहेर.

५०० मॅग्नम पण मारून बघितलंय, मित्राचं. २००३ साली आलेलं हे प्रकरण, लांब नळीचं असेल तर दोन किलोच्या घरात, सिलिंडरमध्ये पाचच काडतुसं, ताकद माझ्या ४४ च्या दुपटीहून जास्त. मित्राने एकच काडतूस भरून दिलं, मी जरा नाराज झालो, मला काय बच्चा समजतो का हा. मग कळलं की धक्क्याने हात मागे जातो, पकड सुटू नये म्हणून बोटं आपोआप आवळतात, आणि नळी आभाळाकडे असताना दुसरा बार निघतो, नवख्यांचं असं झालेलं आहे. एकच बार मारला आणि बास झालं. छातीत घुमल्यासारखं झालं, दस्ता तळव्यात रुतला, मधल्या बोटाचं पेर ट्रिगर गार्डने सोलून काढलं. अंगठा मात्र पुढे ठेवायचा नाही हे आधीच बजावलं होतं त्याने, सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीतून जो गरम वायू बाजूला निघतो तो या कॅलिबरमध्ये बोटाची वाट लावू शकतो. पिस्तुलात ही फट नसते, त्याची सवय असलेले लोक इथेच फसतात.

कानांचं तर बोलायलाच नको. १४० डेसिबलच्या वर कानाला एका आवाजात इजा होऊ शकते आणि ४४ मॅग्नम १६० च्या आसपास जातं, त्यामुळे आत प्लग आणि वरून मफ, दोन्ही. "एकच बार आहे, चालतंय" म्हणणारे काही जण आता समोरच्याला दोनदा विचारतात, काय म्हणालास?

आणि फुसका बार. आपण हे गमतीत म्हणतो, पण रेंजवर हा शब्द ऐकला की सगळे थांबतात. आवाज कमी आला, धक्का जाणवला नाही, की गोळी नळीतच अडकलेली असू शकते, आणि त्यावर दुसरी मारली तर नळी फुटते. मला एकदाच आला, घरी भरलेल्या काडतुसातून, बहुतेक दारू टाकायचीच राहिली होती आणि नुसत्या प्रायमरने (दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीने) गोळी ढकलली जाऊन सिलिंडर आणि नळीच्या मधेच अडकून बसली. सिलिंडर फिरेना म्हणून वाचलो. त्यानंतर गोळी बसवायच्या आधी मी ट्रेमधली प्रत्येक केस टॉर्च मारून बघतो, बायको म्हणते देवाला ओवाळतोयस का.

पुंगळ्यांची सरमिसळ अजूनही करतो, दर वेळी, डोळे मिटून भरायचं आणि सिलिंडर फिरवून बंद करायचा. गेल्या रविवारी पहिल्या तीन एकदम मस्त गेल्या, मधल्या काळ्यातच, आणि चौथ्याला टक्. नळी पुन्हा खाली गेली, पहिल्याइतकी नाही, पण गेलीच. सर मागेच उभे होते, काही बोलले नाहीत, नुसतं खोकले.