तुम्ही विचारलंत म्हणून: व्युन्सडॉर्फला कशासाठी?

पुण्या-नाशिकहून पाहुणे चार दिवसांसाठी बर्लिनला येतात आणि त्यातला एक दिवस मी त्यांना दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवरच्या व्युन्सडॉर्फला नेतो. परतताना गाडीत प्रश्न ठरलेला: "एवढं बर्लिन सोडून त्या ओसाड छावणीत काय आहे हो?" उत्तर पुरं व्हायच्या आत आमचं स्टेशन येतं. म्हणून आज लिहूनच काढतो.

पाइनच्या त्या रानात पहिल्या बराकी कैसरच्या सैन्याने बांधल्या. पहिलं महायुद्ध पेटल्यावर शेजारी 'अर्धचंद्र छावणी' उभी राहिली. ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्यातल्या मुसलमान कैद्यांना तिथे चांगलं वागवायचं आणि तुर्की सुलतानाच्या बाजूने लढायला वळवायचं, असा बेत होता. त्यासाठी १९१५ मध्ये घुमट-मिनारासकट लाकडी मशीद बांधली, जर्मनीतली पहिली. हिंदुस्थानी पलटणींतले शीख, हिंदू, गुरखेही तिथे होते. त्यांच्यासाठी हिंदी आणि उर्दूत 'हिंदोस्तान' नावाचं पत्र निघायचं. बेत फारसा फळला नाही.

मात्र त्याच छावणीत भाषांचे अभ्यासक ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन आले आणि कैद्यांना भोंग्यासमोर उभं करून बोलायला लावू लागले. ११ डिसेंबर १९१६ रोजी एक शीख शिपाई पंजाबीत बोलला. स्वतःबद्दलच, पण गोष्ट सांगावी तसा: एक माणूस होता, हिंदुस्थानात लोणी खायचा, लढाईत सापडला, आता त्याला घरी जायचंय. ती तबकडी बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या संग्रहात आजही आहे. पहिल्यांदा ऐकली त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढे मालक बदलत गेले. मशीद विसाच्या दशकात पाडली. हिटलरच्या काळात इथे रणगाडा दलाचं प्रशिक्षण सुरू झालं आणि दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर भूदलाचं मुख्यालय आलं. 'मायबाख' नावाचे बंकर वरून उतरत्या छपरांच्या घरांसारखे दिसायचे. शेजारच्या 'झेपेलिन' भुयारात टेलिफोन एक्स्चेंज होतं. एप्रिल १९४५ मध्ये लाल सैन्य आलं. मायबाखला त्यांनी सुरुंग लावले, पण झेपेलिन पुढे दुरुस्त करून स्वतः वापरलं. पूर्व जर्मनीतल्या सोव्हिएत फौजांचा कारभार पन्नाशीच्या दशकापासून १९९४ पर्यंत इथूनच चालला. हजारो सैनिक आणि त्यांची कुटुंबं कुंपणाआड राहायची. स्टेशनातून थेट मॉस्कोला गाडी सुटायची, आणि गावातून जाणारा हमरस्ता जर्मनांनाच बंद होता. लेनिनचा पुतळा अजून उभा आहे.

आता तिथे जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत. २०१५ मध्ये निर्वासितांसाठी निवारा उभारण्याआधी मशिदीच्या जागेवर उत्खनन झालं. एका रस्त्याचं नाव आजही 'मशीद रस्ता' आहे.

पाहुण्यांना बंकर आवडतात. फोटोही तिथलेच निघतात. मला मात्र त्यांना पुढे न्यायचं असतं, त्सेरेन्सडॉर्फच्या झाडीत. छावणीत मेलेले हिंदुस्थानी सैनिक तिथे आहेत, दोनशे सहा. ही दफनभूमी सोव्हिएत सरावाच्या मैदानात अडकली होती. कित्येक वर्षं तिथे कुणाला जाता येत नव्हतं, दगडही मोडले होते. २००५ मध्ये ती दुरुस्त होऊन खुली झाली. एवढ्या सेनापतींच्या या जागेत, ज्यांना इथे यायचंच नव्हतं असे हे दोनशे सहाजण मला सगळ्यात जवळचे वाटतात.

मी रांगेने चालत दगडांवरची नावं मोठ्याने वाचतो. इथले लोक प्रेमाने गवत कापतात, फुलं लावतात, पण ती नावं त्यांच्या जिभेवर बसत नाहीत. आपल्या बसतात. मी एकटा वाचतो तेव्हा चौथ्या-पाचव्या रांगेपर्यंत घसा बसतो. तुम्ही बरोबर असलात की उरलेल्या रांगा तुम्ही वाचता.