बिब्ब्याच्या भाऊबंदाने जोडलेली ताटली

आत्याकडून आलेल्या जपानी इमारी ताटलीवर डोळे मिटून बोट फिरवले, तर निळा रंग हाताला लागत नाही, तांबडा मात्र किंचित उंच लागतो. निळी नक्षी कच्च्या भांड्यावर काढून, वर झिलई देऊन सुमारे १३०० अंशांवर भाजतात. तांबडा आणि सोनेरी रंग त्या भाजलेल्या झिलईवर चढवून पुन्हा कमी आचेवर पक्के करतात. ही भांडी क्युशू बेटावरील अरिता गावात घडत आणि इमारी बंदरातून जहाजांवर चढत, म्हणून नाव बंदराचे पडले. झिलईवरचे हे रंगकाम तेथे १६४० च्या दशकात सुरू झाले.

गेल्या मार्चमध्ये मांडणीवरून पडून ताटलीचे तीन तुकडे झाले. पुन्हा भट्टीत घातली असती तर वरचे रंग बिघडले असते, म्हणून भट्टी न लागणारी किन्त्सुगीची, म्हणजे फुटलेले भांडे चिकाने सांधून तडांवर सोने चढवण्याच्या जपानी रीतीची वाट धरली. उरुशी झाडाच्या चिकात गव्हाचे पीठ मळून मी तुकडे सांधले. हे झाड आपल्या बिब्ब्याच्याच कुळातले. मनगटावर तो चीक हुबेहूब बिबा उतावा तसा उतला आणि आठवडाभर खाज सोसावी लागली.

खरी पंचाईत सोलापूरच्या हवेने केली. उरुशी उन्हात वाळत नाही. चिकातले विकर दमट हवेतला प्राणवायू घेऊन त्याला घट्ट करते आणि त्यासाठी सत्तर-ऐंशी टक्के आर्द्रता लागते. आमच्या एप्रिलमध्ये सांधा तीन आठवडे चिकटच राहिला. शेवटी थर्माकोलच्या खोक्यात ओला सोलापुरी टॉवेल ठेवला (या गावाकडे दुसरे काय असणार!), तो रोज भिजवला, तेव्हा कुठे चीक धरला.

पुढे बारीक मातीच्या भुकटीत कालवलेल्या उरुशीने खाचा भरल्या, घासल्या, त्यावर तांबड्या उरुशीची रेघ ओढली आणि ती अर्धवट ओलसर असताना सोन्याची भुकटी भुरभुरली. साध्या चहाच्या वाडग्यापेक्षा हे काम येथे अवघड, कारण घासताना पॉलिश पेपर जरा सरकला की झिलईवरचा रंगच निघतो. कडेच्या एका फुलाची तांबडी पाकळी माझ्या हातून अशीच अर्धी गेली. तिच्यावर सोने मारून झाकावे असे क्षणभर वाटले. पण सोने तडेला असते, घासणाऱ्याच्या चुकीला नव्हे, म्हणून ती पाकळी तशीच अर्धी ठेवली आहे.