सोयाबीनची उगवण ७० टक्के आहे का? प्रमाणाची चाचणी

प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवण किमान ७० टक्के हवी. ओल्या गोणपाटावर शंभर-शंभरच्या चार खेपांत ४०० दाणे लावले आणि २६२ उगवले, म्हणजे ६५.५ टक्के. हा फरक योगायोगाचा, की बियाणंच कमी पडतंय?

शून्य परिकल्पना (तपासण्यासाठी खरं धरलेलं विधान): खरं प्रमाण ०.७०. पर्यायी: ०.७० पेक्षा कमी. चाचणी एकतर्फी, म्हणजे फक्त ‘कमी’ ही बाजू पाहणारी, हे दाणे मोजण्याआधीच ठरवायचं. आकडा पाहून बाजू निवडली की चाचणीला अर्थ उरत नाही. अपेक्षित उगवलेले २८०, न उगवलेले १२०. दोन्ही १० च्या वर, म्हणून शक्यता काढायला नॉर्मल (घंटेच्या आकाराचा) वक्र चालतो.

आता सगळ्यात जास्त चुकणारी जागा. स्टँडर्ड एररमध्ये (नमुन्यागणिक प्रमाण योगायोगाने साधारण किती हलतं, त्याच्या मापात) ०.६५५ नाही, ०.७० घालायचं, कारण आपण शून्य परिकल्पना खरी धरून हिशेब करतोय. ०.७० × ०.३० ÷ ४००, त्याचं वर्गमूळ ०.०२२९. झेड, म्हणजे फरक किती स्टँडर्ड एररइतका: (०.६५५ − ०.७०) ÷ ०.०२२९ = −०.०४५ ÷ ०.०२२९ = −१.९६. पी-मूल्य, म्हणजे खरं प्रमाण ०.७० असताना इतकी किंवा याहून कमी उगवण दिसण्याची शक्यता, साधारण ०.०२५. ते ०.०५ पेक्षा कमी, म्हणून पाच टक्के पातळीवर शून्य परिकल्पना नाकारायची.

शंभरच दाणे लावून ६६ उगवले असते, तर झेड −०.८७ आणि पी-मूल्य ०.१९. तेव्हा नाकारता येत नाही. पण म्हणून उगवण ७० टक्के आहे असं सिद्धही होत नाही. नमुनाच अपुरा असतो.

आणि दाणे एकाच पोत्याच्या वरच्या थरातून मुठीने उचलले असतील, तर वरचं सूत्र कितीही बरोबर मांडा, उत्तर त्या मुठीपुरतंच. प्रत्येक पोत्यातून, वरून, मधून, तळातून दाणे घ्या, एकत्र करा, मग न निवडता मोजा. फुटका दाणा दिसला तरी बाजूला काढू नका.