ताळेबंद बँकेचा, वही माझी

फराळाच्या धंद्याला तीन वर्षं झाली, तेव्हा मोठी कढई आणि चकलीचं मशीन घ्यायला मुद्रा कर्ज काढायचं ठरवलं. बँकेने दोन वर्षांचा ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक मागितलं. पावत्यांची पिशवी घेऊन सीएंकडे गेले. आठ दिवसांत कागद हातात, ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचा नफा १,८६,००० रुपये. कर्जही झालं.

मी मात्र त्या आकड्याकडे बघत बसले. पहाटे चारला उठून मी राबते, त्याची मजुरी यात कुठे? सीए म्हणाले, "ताई, एकल मालकीत मालकाचा पगार खर्चात धरता येत नाही. तुम्ही घेता ती उचल." नियमाने बरोबरच. पण मग हा धंद्याचा नफा की माझी मजुरी?

माझी भाची सीएमए, म्हणजे खर्चाच्या आणि व्यवस्थापनाच्या हिशेबाचा अभ्यासक्रम, करते. ती म्हणाली, "मावशी, हे पत्रक बँकेसाठी आणि आयकरासाठी. सरलेल्या वर्षाचं, तेही सगळं एकत्र. येत्या दिवाळीत काय किती तळायचं, ते यात सापडणार नाही." त्यासाठीचा हिशेब म्हणजे व्यवस्थापकीय लेखांकन. त्याला कायद्याचा साचा नाही, कुणी मागतही नाही. पंधरा दिवस घड्याळ लावून सगळं लिहायला लावलं तिने. वैताग नुसता!

पण निघालं ते असं. चकली ४८० रुपये किलो. सामान, गॅस, बायकांची मजुरी, पॅकिंग मिळून ३२०. उरले १६०. चिवडा ३६० ला, खर्च २४०, उरले १२०. म्हणजे चकली बरी, असंच मी समजत होते. पण तासाला चकली होते तीन किलो, चिवडा आठ. म्हणजे तासाला उरतात चकलीचे ४८०, चिवड्याचे ९६०! दिवाळीत ऑर्डरी भरपूर, कमी पडतात ते तासच.

सप्टेंबरात एका ऑफिसने ५० किलो चिवडा ३०० रुपयांनी मागितला. एरवी नाही म्हटलं असतं. पण तेव्हा शेगड्या रिकाम्या होत्या आणि गाळ्याचं भाडं तसंही जाणारच होतं. घेतली ऑर्डर, ३,००० सुटले.

चकली बंद नाही केली. चकलीशिवाय फराळाचा डबा कोण घेईल? दर ५६० केला. दोन जुन्या गिऱ्हाइकांनी नाक मुरडलं, घेतली मात्र.

आता वहीत पहिल्या ओळीला माझी रोजची ६०० रुपये मजुरी असते. सीएंकडे ती वही नेत नाही. त्यांना पावत्यांची पिशवी पुरते.